कुलूप पेटंटचं की संकराचं?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या व्हर्नन बोमन या शेतकऱ्यानं धान्याच्या कोठारातून साधं सोयाबीन आणून पेरलं, वरून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं आणि जी झाडं तगली त्यांचं बी राखून पुढे पेरत राहिला. तगलेल्या झाडांत मोन्सॅन्टो या बियाणं कंपनीचं पेटंट असलेलं, ते तणनाशक सोसणारं जनुक होतं. 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला: विकत घेतलेलं बी खा, विका, पण त्यातून पेटंटधारी जनुकाचं नवं बी तयार करायची मुभा नाही.

सोयाबीन स्वपरागित. आईचे गुण जसेच्या तसे लेकीत. म्हणूनच कंपनीला पेटंटचं कुलूप लावावं लागलं.

आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम 3(जे) झाडं, वाण, बियाणं यांना पेटंट नाकारतं. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं तर शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायचा, बदलायचा, विकायचा हक्क दिला. फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. मग 2002 मध्ये जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीच्या बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली, तेव्हापासून शेतकरी दरवर्षी बियाण्याचं पाकीट का विकत घेतो? तिच्यातल्या पहिल्या जनुकावर तर भारतात पेटंटही नव्हतं!

कारण ती संकरित आहे. ते जनुक सहसा एकाच पालकाकडून येतं. घरची सरकी पेरली तर साधारण चारातलं एक झाड त्या जनुकाविना उगवतं, आणि बाकीचे गुणही विस्कटतात. कायद्यानं दिलेला हक्क इथे कागदावरच राहतो. माझ्या मते पेटंटवर जेवढा गदारोळ झाला, त्याच्या निम्मी चर्चाही या जैविक कुलपावर झाली नाही. संकर नसलेल्या, घरचं बी राखता येणाऱ्या सरळ वाणात बीटी आधी आलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

पेटंटचा खरा तंटा कंपन्यांमधलाच. बोलगार्ड-2 या पुढच्या बीटी कपाशीतल्या जनुकाच्या रचनेवर मोन्सॅन्टोला 2008 मध्ये पेटंट मिळालं होतं. स्वामित्वशुल्कावरून (रॉयल्टीवरून) नुझिवीडू सीड्स या भारतीय बियाणं कंपनीशी बिनसलं. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं 3(जे) वर बोट ठेवून पेटंट रद्द केलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला सारला आणि आधी रीतसर साक्षीपुरावे होऊ द्या म्हणून खटला परत पाठवला. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. 2021 मध्ये दोघांनी तडजोड केली. बियाण्यात घातलेलं जनुक 3(जे) च्या कक्षेत येतं की नाही, याचा निवाडा त्या खटल्यात झालाच नाही.