पत्रा गळत नव्हता

"पत्रा गयी ऱ्हायना, आप्पा," म्हणजे पत्रा गळतोय, असं सालदार म्हणाला. भादवा संपत आला होता. तीन दिवसांत पावसाचा टिपूस नव्हता, तरी गिरणा नदीकाठच्या शेतातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत सकाळी खताच्या गोण्यांवर थेंब पडलेले. शिडी लावून वर पाहिलं, एकही भोक नाही. आत मात्र फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यावर हिरवट-राखाडी लव, युरियाचा दगड झालेला आणि दार उघडताच ओल्या गोणपाटाचा कुबट वास.

पाणी पत्र्यातून आलंच नव्हतं, ते खोलीतल्या हवेतलं होतं. ३० अंशाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाच्या हवेत जेमतेम १७. पाऊस उघडला की रात्री आभाळ मोकळं असतं. पत्रा आपली उष्णता थेट त्या आभाळाकडे टाकतो आणि आजूबाजूच्या हवेहूनही गार पडतो. खोलीतली दमट हवा त्याला टेकली की न मावणारं पाणी थेंब होऊन लोंबतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोच हा प्रकार. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत असे थेंब सहसा दिसत नाहीत. मातीचा जाड थर रात्रीतून तेवढा गार होत नाही, शिवाय ओल शोषून घेतो आणि दुपारी सोडून देतो. त्याच मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून लोक तिचा श्वास कोंडतात, मग ओल आतल्या आत राहते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते अडवता येत नाहीत. तिचं खाणंही हाताशीच असतं, कारण सुतळी, लाकूड, कातडं, अगदी पत्र्यावरची धूळही तिला चालते. आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी. हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर काही दिवस टिकली की बहुतेक बुरशींचं फावतं.

आर्द्रता मोजायला यंत्र नको. पुड्यातल्या कोरड्या मिठाची वाटी खोलीत ठेवा. शुद्ध मिठाला ७५ टक्क्यांच्या वर पाणी सुटतं. (खडे मीठ नको. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार फार आधीच ओले होतात.) युरिया ३० अंशाला साधारण ७३ टक्क्यांनाच ओल ओढू लागतो, म्हणजे मीठ ओलं दिसेपर्यंत युरियाचं काम बिघडायला लागलेलं असतं.

ओल येते कुठून, हे दोन हात प्लास्टिक सांगतं. ते कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस थांबा. खाली कोबा काळपट ओला झाला तर पाणी जमिनीतून चढतंय, वरचा भाग ओला असेल तर हवेतून. आमच्याकडे दोन्हीकडून. खानदेशातली काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, महिनोन्महिने पाणी धरून ठेवते, आणि कोब्याच्या बारीक छिद्रांतून ते वर चढतं, वातीतून तेल चढावं तसं.

मग आम्ही बाहेरून भिंतीला लागलेला मातीचा ढीग काढला, चर खणली आणि गोण्या विटांवरच्या फळ्यांवर घेतल्या, भिंतीपासून वीतभर दूर. समोरासमोरच्या भिंतींना एक झरोका खाली, एक वर पाडला. हलकी, ऊबदार हवा वरून निघते आणि खालून कोरडी आत येते. उन्हाच्या दुपारी दार सताड उघडं ठेवावं. पहाटेची २० अंशाची पूर्ण दमट हवा दुपारी ३० अंशाला तापली की तिची आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ती वस्तूंमधली ओल उचलायला तयार असते.

आलेली बुरशी कोरड्या झाडूने कधी झाडू नये, बीजाणू खोलीभर उडतात आणि छातीत जातात. नाका-तोंडाला नीट मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी. भिंतीला ताजा चुना मारावा, आधी भिंत भिजवून, नाहीतर पापुद्रे निघतात. ओल्या चुन्याचा सामू (pH) १२ च्या वर असतो, तिथे बुरशी तगत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन चुना हळूहळू साध्या चुनखडीसारखा होतो, म्हणून दरवर्षी पुन्हा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचा काळ बरा.

पंपाचा पट्टा पुसून वापरता येतो, धान्य नाही. खोलीत मका किंवा भुईमूग ठेवत असाल तर हे लक्षात ठेवा. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळट-हिरव्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाव घालतं आणि भाजून-उकडून पुरतं जात नाही. १९७४ मध्ये शेजारच्या गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. "गुरांना घालू" ही सोयही नाही, कारण ते विष रूप बदलून दुधात उतरतं. मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच आत घ्यावा.

सालदाराने वाटी आता दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. परवा त्याने चिमूट चोळून पाहिली आणि पहिल्यांदाच मीठ बोटांतून भुरभुरलं.