गळती थांबली, पण टाइल्स लगेच नकोत : शॉवरच्या भिंतीची तयारी

भिंतीतला पाइप बदलला, खालच्या फ्लॅटच्या छतावरचा डाग वाढायचा थांबला, की उद्याच टाइल्स बसवून टाकाव्यात असं कुणालाही वाटतं. आमची विनंती आहे, थोडं थांबा. टाइल्स दोन-तीन दिवसांत बसतात, भिंत वाळायला मात्र आठवडे लागतात.

झिरी, म्हणजे पाइपसाठी भिंतीत कापलेली खाच, बुजवण्याआधी आम्ही पाइपलाइनला दाब तपासायचा हातपंप लावून दाब देतो. त्यावरच्या दाबमापकाचा काटा रात्रभर जागचा हलता कामा नये. संध्याकाळी त्याचा फोटो काढून ठेवा आणि सकाळी स्वतः पडताळून बघा.

मग हातोडीने हलकेच ठोकून जुनं प्लास्टर तपासतो. आवाज भरीव असेल तर ते राहू देतो, पोकळ असेल तर विटेपर्यंत काढतो. गळती बरेच महिने चालली असेल तर ओल टाइलमागे लांबवर पसरलेली असते, त्यामुळे फोडकाम पहिल्या अंदाजापेक्षा वाढू शकतं. वाढीव कामाचं बोलणं तुम्हाला भिंत दाखवूनच होईल. पांढरा खार फुलला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडतो, कारण पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतो. पाइप धरायला कुणी पीओपी लावलं असेल तर तेही खरवडून टाकतो. ओलीत ते मऊ पडतं.

नवं प्लास्टर एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालाचं, झिरीवर जाळी मारून. ते घोटून गुळगुळीत करत नाही, खरबरीतच ठेवतो. या टप्प्यावर एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे डायव्हर्टरची (नळ आणि शॉवर यांत पाणी वळवणाऱ्या, भिंतीत बसणाऱ्या कॉकची) खोली. त्याच्या प्लास्टिकच्या टोपणावर कमाल आणि किमान अशा खुणा असतात. प्लास्टर, अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइल मिळून होणारी जाडी त्या दोन खुणांमध्येच संपली पाहिजे, नाहीतर वरची प्लेट बसत नाही आणि नवीकोरी टाइल फोडावी लागते. म्हणून टाइल आधी निवडा, तिची जाडी आम्हाला कळू द्या.

प्लास्टरवर सात दिवस पाणी मारतो. खरं वाळणं त्यानंतर सुरू होतं. साधारण दोन ते चार आठवडे धरा, पावसाळ्यात आणि कोकणपट्टीत त्याहून जास्त. तोवर तिथे आंघोळ नको. खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा. वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून थांबायचं.

त्यानंतर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. शॉवरच्या बाजूला निदान सहा फूट उंचीपर्यंत. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे मालाची गोलसर कड, काढतो, कारण पाणी सर्वात आधी तिथेच वाट शोधतं. टाइलच्या पाठीवर मालाचे ठिपके देऊन ती चिकटवायची जुनी पद्धत आम्ही शॉवरमध्ये वापरत नाही. मागे राहिलेल्या पोकळीत पाणी साचतं. आयएस १५४७७ चा शिक्का असलेलं अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरवूनच टाइल बसते.

घरात लग्नकार्य, पाहुणे किंवा गणपती असतील तर तारीख पहिल्याच भेटीत सांगा. त्या हिशेबाने फोडकाम अलीकडे घेता येतं, वाळण्याचे दिवस मात्र कमी करता येत नाहीत.