स्पॅनिशमधील भिकारीवाचक शब्द व त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द

भीक मागून जगणाऱ्या माणसासाठी स्पॅनिश भाषेत रूढ असलेला शब्दसमूह. ‘मेंदीगो’, ‘पोर्दिओसेरो’ व ‘लिमोस्नेरो’ हे त्यांतील सर्वसामान्य शब्द होत. त्यांच्याभोवती खोटा भिकारी, मठाच्या दारी जेवणारा विद्यार्थी, आंधळ्या भिकाऱ्याचा वाटाड्या, उघड न मागणारा दरिद्री अशा निरनिराळ्या माणसांची नावे आहेत. द्विभाषिक कोशांत यांतील बऱ्याच शब्दांपुढे ‘बेगर’ हा एकच इंग्रजी शब्द दिलेला आढळतो. रोजच्या व्यवहाराला तो पुरतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील मजकूर वाचताना मात्र अपुरा पडतो. त्या काळी कोणत्या शब्दाने माणसाची नोंद होते, यावर त्याला मागण्याचा परवाना मिळणार की फटके, हे ठरत असे.

‘मेंदीगो’ हा लॅटिन ‘मेंडिकस’पासून आला. त्याचे मूळ ‘मेंडम’ म्हणजे दोष, व्यंग या शब्दात मानतात. मूळ अर्थ ‘शरीराने अधू’ असा असावा आणि त्यावरून ‘अधू असल्यामुळे मागून खाणारा’ हा अर्थ आला असावा. दोष काढून टाकणे या अर्थाचे इंग्रजी ‘मेंड’ व ‘अमेंड’ आणि स्पॅनिश ‘रेमेंदार’ (ठिगळ लावणे) हे शब्द याच कुळातले आहेत. इंग्रजीत ‘मेंडिकंट’ हा शब्द त्याच लॅटिन घराण्यातून आला, पण तो मुख्यतः ग्रंथांत व चर्चच्या भाषेत राहिला. ‘मेंडिकंट’ म्हटले की फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाइट, ऑगस्टिनियन या भिक्षाजीवी संघांचे साधू डोळ्यांपुढे येतात. स्पॅनिशमध्ये साधूसाठी ‘मेंदिकांते’ व रस्त्यावरच्या माणसासाठी ‘मेंदीगो’ अशी वाटणी बरीच स्पष्ट आहे. म्हणून ‘मेंदीगो’साठी ‘मेंडिकंट’ वापरणे व्युत्पत्तीला धरून असले, तरी अर्थाला धरून नाही.

‘पोर्दिओसेरो’ हा शब्द मागणाऱ्याच्या हाकेवरून घडला. ‘पोर दिओस’ म्हणजे ‘देवासाठी’. त्याला व्यवसायदर्शक ‘-एरो’ हा प्रत्यय लागून ‘देवाच्या नावाने मागणारा’ असा शब्द झाला. ‘पोर्दिओसेआर’ हे क्रियापदही आहे. नकार देणारासुद्धा देवाचेच नाव घेई : ‘पेर्दोने पोर दिओस, एर्मानो’, म्हणजे ‘देवासाठी क्षमा करा, भाऊ’. भीक मिळाली की ‘दिओस से लो पागे’, देव तुमची फेड करो. इंग्रजीत ‘फॉर गॉड्स सेक’ ही हाक होती, पण तिच्यावरून माणसाचे नाव पडले नाही. त्यामुळे या शब्दाला नेमका इंग्रजी प्रतिशब्द नाही.

होसे दे रिबेरा या स्पॅनिश चित्रकाराने नेपल्समध्ये १६४२ साली रंगवलेले, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेले वाकड्या पायाच्या मुलाचे चित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. मुलगा कुबडी खांद्यावर बंदुकीसारखी टाकून उभा आहे, चेहऱ्यावर मोकळे हसू आहे आणि हातात कागदाचा कपटा आहे. त्यावर लॅटिनमध्ये ‘देवाच्या प्रेमास्तव मला भीक द्या’ अशा अर्थाचे वाक्य आहे. हा कागद भीक मागण्याचा परवाना असावा असे काहींचे मत आहे. मुलगा मुका असल्याने त्याची विनंती लिहून दिली असावी, असे इतर मानतात. मजकुरात कोणत्याही अधिकाऱ्याचे नाव वा परवानगीची भाषा नाही, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

‘लिमोस्ना’ म्हणजे भीक किंवा दान. हा शब्द ग्रीक ‘एलेएमोसिने’ (दया) पासून लॅटिनमार्गे आला. इंग्रजी ‘आम्झ’ हा त्याच शब्दाचा झिजलेला अवतार आहे. ‘लिमोस्नेरो’च्या बाबतीत अर्थ दुभंगला आहे. स्पेनच्या परंपरागत वापरात लिमोस्नेरो म्हणजे दान देणारा, दानशूर, किंवा राजाच्या वा धर्माधिकाऱ्याच्या वतीने दान वाटणारा अधिकारी. इंग्रजी ‘आमनर’ तो हाच. अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये मात्र लिमोस्नेरो म्हणजे घेणारा, भिकारी. ‘लिमोस्नेरो इ कोन गार्रोते’ (भिकारी, आणि वर हातात सोटा) ही म्हण मेक्सिकोत ऐकू येते. फुकट मिळालेल्यातही खोड काढणाऱ्याला ती लावतात. इंग्रजीतील ‘बेगर्स कान्ट बी चूझर्स’ ही म्हण तिच्या जवळची आहे. अनुवादकाने लेखक अटलांटिकच्या कोणत्या काठावरचा आहे हे आधी पाहिले नाही, तर देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते.

कायद्यातील वर्ग : हुआन लुईस व्हिव्हेस या व्हॅलेन्सियाच्या विद्वानाने १५२६ मध्ये ब्रुज नगरपालिकेसाठी गरिबांच्या साहाय्यावर लॅटिन ग्रंथ लिहिला. दारोदार भीक मागणे थांबवून नगराने गरिबांची सोय लावावी, काम करू शकणाऱ्यांना काम द्यावे, असा त्याचा आग्रह होता. स्पेनमध्ये १५४० च्या राजाज्ञेने भीक मागण्यास स्थानिक परवाना आवश्यक केला. त्यासाठी पापनिवेदन केलेले असणे ही अट होती आणि मागण्याचे क्षेत्र आपल्या गावाभोवती मर्यादित होते. यावर १५४५ साली सालामांका येथे दोन लेखन प्रसिद्ध झाले : हुआन दे रोब्लेस याने नियंत्रणाची बाजू घेतली, तर दोमिंगो दे सोतो या डॉमिनिकन पंडिताने गरिबाचा मागण्याचा हक्क काढून घेता येत नाही, असे मांडले. सोतोच्या मांडणीतील माणुसकी आजही वाचकाला भिडते. खोट्याला शोधण्याच्या नादात खरा उपाशी राहू नये, ही त्याची कळकळ होती. पुढे १५९८ मध्ये क्रिस्तोबाल पेरेस दे एर्रेरा या वैद्याने ‘खरे’ (लेखितिमो) व ‘खोटे’ (फिंखिदो) गरीब ही विभागणी ग्रंथाच्या शीर्षकातच घातली.

या वादातून काही शब्दप्रयोग पक्के झाले. ‘पोब्रे दे सोलेम्निदाद’ म्हणजे जाहीर, निर्विवाद दरिद्री. मोठ्या सणांच्या दिवशी भीक मागण्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. परंतु ‘विधिपूर्वक ठरलेला’ हा अर्थ न्यायालयीन वापराशी अधिक जुळतो, कारण अशा माणसाला दाव्याचा खर्च माफ असे. इंग्रजीत त्याला ‘पॉपर’ म्हणतात, आणि तो शब्दही न्यायालयातील लॅटिन वाक्प्रयोगातूनच रुळला. ‘पोब्रे बेर्गोन्सांते’ म्हणजे चांगल्या घरचा, पडत्या काळात सापडलेला, लाजेमुळे उघड न मागणारा. यांना गुपचूप मदत पोचवणारे धर्मसंघ होते. इंग्रजीत यासाठी रुळलेला शब्द नाही. याउलट धडधाकट असून मागणाऱ्याला इंग्रजी कायद्यात ‘स्टर्डी बेगर’ असे खास नाव होते. १६९७ च्या इंग्रजी कायद्याने तर मदत घेणाऱ्या गरिबाला खांद्यावर ‘पी’ हे अक्षर शिवून वागवायला लावले.

आंधळे भिकारी हा स्पेनमधील वेगळा वर्ग. ते नुसते मागत नसत. ठरावीक मोबदल्यात प्रार्थना म्हणून दाखवत आणि पुढे गाणी व छापील बातमीपत्रे विकत. १५५४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘लासारियो दे तोर्मेस’ या कथेतील आंधळ्याला शंभराहून अधिक प्रार्थना तोंडपाठ होत्या. त्या कथेतील पोरावरून ‘लासारियो’ हे आंधळ्याच्या वाटाड्याचे सामान्यनाम झाले. आंधळ्यांना वाट दाखवणारा कुत्रा तो ‘पेर्रो लासारियो’. लाझरस हे मूळ नाव लूकच्या शुभवर्तमानातील, श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या, अंगभर फोड आलेल्या भिकाऱ्याचे. इंग्रजीत त्याच नावापासून ‘लेझर’ म्हणजे कुष्ठरोगी भिकारी हा आता लुप्तप्राय झालेला शब्द बनला.

‘पीकारो’ची (लबाड भटक्या) व्युत्पत्ती : या समूहातील सर्वांत वादग्रस्त शब्द हाच. तो सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा दुसऱ्या चतुर्थकात, लेखी आढळू लागतो आणि आरंभी ‘स्वयंपाकघरातला पीकारो’ म्हणजे हरकाम्या पोऱ्या अशा जोडशब्दांत दिसतो. एका मताप्रमाणे तो उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांतावरून, तेथील सैनिक व भटके यांच्या लौकिकावरून आला. दुसरे मत त्याला ‘पिकार’ (टोचणे, चिरणे, चोच मारणे) या क्रियापदाशी जोडते : भाजी-मांस चिरणारा पोऱ्या, किंवा मिळेल ते टिपून खाणारा. अरबी मूळ सुचवणारेही आहेत, पण त्यांना फारसा आधार मिळालेला नाही. भाषाशास्त्रज्ञ कोरोमिनास यांनी आपल्या स्पॅनिश व्युत्पत्तिकोशात (१९५४–५७) चौदाव्या शतकातील ‘पिकान्यो’ या जुन्या शब्दाकडे लक्ष वेधले व ‘पिकार’चा पक्ष घेतला, ‘पिकार्दिया’ (लबाडी) हे भाववाचक नाम मात्र प्रांतनामाच्या प्रभावाने घडले असावे, असे त्यांना वाटते. दोन्ही मतांतील ग्राह्यांश जमेस धरणारा हा निर्णय सर्वांत समाधानकारक आहे. ज्या ‘लासारियो’ने अशा लबाड भटक्यांच्या कथांच्या वाङ्मयप्रकाराचा पाया घातला, त्यात ‘पीकारो’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तो नायकाला चिकटला १५९९ च्या ‘गुस्मान दे आल्फाराचे’ या कादंबरीपासून.

इंग्रजीत या शब्दाचे ‘पिकरून’ (लुटारू, चाचा) आणि पुढे ‘पिकरेस्क’ हे विशेषण झाले. परंतु जेम्स मॅब याने १६२२ मध्ये ‘गुस्मान’चा अनुवाद केला, तेव्हा शीर्षकासाठी ‘रोग’ (लुच्चा, बदमाश) हा देशी इंग्रजी शब्द निवडला. ही निवड फार नेमकी होती. ‘रोग’ हा सोळाव्या शतकातील भटक्यांच्या बोलीतला शब्द. ऑक्सफर्ड वा केंब्रिजचा गरीब विद्यार्थी असल्याची बतावणी करून मागणाऱ्याला त्या बोलीत ‘रोगर’ म्हणत. त्यामागे लॅटिन ‘रोगारे’ (मागणे) असावे असा तर्क आहे. १५७२ च्या इंग्रजी कायद्यात ‘रोग, व्हॅगबाँड व धडधाकट भिकारी’ यांच्या यादीत कुलगुरूंच्या परवान्यावाचून मागत हिंडणारे विद्यार्थीही आहेत.

स्पेनमध्ये असा विद्यार्थी ‘सोपीस्ता’ ठरे : मठांच्या दारी वाटले जाणारे सूप पिऊन शिकणारा. आपल्याकडील माधुकरी मागणाऱ्या, वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याचे नाते मराठी वाचकाला चटकन कळेल. त्या सुपाला ‘सोपा बोबा’ म्हणत. ऐतखाऊपणे जगण्याला आजही ‘सोपा बोबा खाणे’ म्हणतात. ‘तूना’ ही विद्यार्थ्यांची गायक मंडळीही आपली परंपरा सोपीस्तांपर्यंत नेते. हा शब्द भीक या अर्थाच्या जुन्या फ्रेंच ‘ट्यून’पासून आणि तो ‘ट्युनिसचा राजा’ या पॅरिसमधील भिकाऱ्यांच्या म्होरक्याच्या पदवीवरून आला, असे मानतात. ‘गायोफा’ म्हणजे सांतियागोच्या यात्रेला फ्रान्सहून येणाऱ्या गरिबांना मिळणारे अन्न, आणि ‘गायोफेरो’ तो खात भटकणारा. १६११ च्या कोशात कोबार्रूबियास याने हा शब्द फ्रेंच लोकांच्या ‘गॅलस’ या लॅटिन नावाशी जोडला. इटालियन ‘गाल्योफो’ (लफंगा) त्याच्याशी संबद्ध दिसतो.

‘ब्रीबोन’ (लफंगा) हा शब्द ‘ब्रीबा’ व त्याहून जुन्या ‘ब्रीबिया’पासून आला. ‘ब्रीबिया टाकणे’ म्हणजे आपल्या दैन्याचे रसभरित वर्णन करून मागणे. ‘ब्रीबिया’ हे ‘बायबल’चेच अपभ्रष्ट रूप असावे, असे कोरोमिनास मानतात : आधी ज्ञान, मग चतुराई, मग भिकाऱ्याचे गोड बोलणे. इंग्रजी ‘ब्राइब’ (लाच) हा भिकाऱ्याला दिलेला भाकरीचा तुकडा या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला आहे. फ्रेंच व स्पॅनिश शब्द एकाच मुळाचे की केवळ जवळ आलेले, हा प्रश्न सुटलेला नाही. अर्थाची सारखी वाटचाल पाहता परस्परांचा प्रभाव नाकारता येत नाही.

इंग्रजी ‘बेगर’ तेराव्या शतकापासून आढळतो. नेदरलँड्स परिसरातील ‘बेगार्ड’ या धर्मनिष्ठ गृहस्थांच्या संघाशी त्याचा संबंध जोडणारे मत आज अधिक मान्य आहे. जुन्या इंग्रजीतील एका विरळ क्रियापदापासून तो काढण्यात ध्वनिदृष्ट्या अडचणी आहेत. अमेरिकन ‘पॅनहँडलर’ (रस्त्यावर हात पसरून मागणारा) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. त्यात स्पॅनिश ‘पान’ (पाव) दडले आहे, ही कल्पना आकर्षक असली तरी पुढे केलेला हात तव्याच्या दांड्यासारखा दिसतो, हेच स्पष्टीकरण सरळ आहे.

लॅटिन अमेरिकेत प्रादेशिक शब्द पुष्कळ आहेत. अर्जेंटिनात मालगाडीतून फिरणारा भटका मजूर तो ‘क्रोतो’. ब्वेनोस आयरेस प्रांताचे गव्हर्नर (१९१८–२१) होसे कामिलो क्रोतो यांनी हंगामी मजुरांना मालगाडीतून फुकट प्रवासाची मुभा दिली, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. अमेरिकन इंग्रजीतील ‘होबो’ त्याच्या सर्वांत जवळचा. मेक्सिकोत ‘मेंदीगो’चा आघात पहिल्या अक्षरावर आणून ‘मेंदिगो’ म्हटले की ती शिवी होते. स्पेनमध्ये १९३३ च्या भटके व गुन्हेगारविषयक कायद्याने ‘व्यावसायिक भिकारी’ धोकादायक ठरवले. त्याची जागा १९७० च्या कायद्याने घेतली आणि तोही १९९५ मध्ये पूर्णपणे रद्द झाला. त्याच वर्षीच्या दंडसंहितेत लहान मुलांना भीक मागायला लावणारा गुन्हेगार ठरतो. प्रशासन व वृत्तपत्रे आता ‘पेर्सोना सिन ओगार’ (बेघर व्यक्ती) असे लिहितात. इंग्रजी ‘होमलेस’ हा त्याचा प्रतिशब्द. मात्र बेघर असलेला प्रत्येक जण भीक मागतोच असे नाही, म्हणून ‘मेंदीगो’च्या जागी तो सरसकट वापरू नये.