सहल पुढे ढकलली की प्रवास विम्यातून सगळे पैसे मिळतात?

‘प्रवास विमा काढलाय ना, मग कुठल्याही कारणाने सहल पुढे ढकला, तिकीट-हॉटेलचे सगळे पैसे परत मिळतात.’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. विमा म्हणजे भरपाई, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे. पण तसं नसतं.

साध्या पॉलिसीत कारणं ठरलेली असतात: अचानक आलेलं आजारपण, अपघात, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती. बेत बदलला, रजा मिळाली नाही, ही कारणं बहुधा त्यात बसत नाहीत. कोणत्याही कारणासाठीचं संरक्षण काही ठिकाणी वेगळं, जास्त प्रीमियम भरून घ्यावं लागतं आणि त्यातही सहसा खर्चाचा काही भागच मिळतो.

दुसरी गोष्ट, विमा भरून देतो ते प्रत्यक्ष झालेलं नुकसान. समजा, तिकीट २०,००० चं होतं. विमान कंपनीने १४,००० परत केले, तर दावा उरलेल्या ६,००० चाच. तारीख बदलून तेच तिकीट वापरणार असाल, तर पूर्ण तिकिटाचा दावा टिकत नाही. फार तर तारीख बदलण्याचं शुल्क, तेही पॉलिसीत लिहिलं असेल तरच.

खात्री करायला पॉलिसीतलं ‘सहल रद्द होणे’ हे कलम आणि त्याखालचे अपवाद वाचा. ‘पुढे ढकलणे’ हा शब्द तिथे आहे का, ते मुद्दाम बघा. आजारपण असेल तर ‘प्रवास करू नये’ असं लिहिलेलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र बुकिंग रद्द करण्याआधीच घ्या. नंतरच्या तारखेच्या कागदावर दावे अडतात, आणि आजारी माणसाला तेव्हा हेलपाटे घालावे लागतात.