पाणीपुरवठा यंत्रणेतील मनुष्यबळ व व्यवस्थापन : ठाणे व नवी मुंबई

पाणीपुरवठा यंत्रणेतील मनुष्यबळ व व्यवस्थापन : नदीतून किंवा धरणातून पाणी घेणे, ते शुद्ध करणे, जलकुंभांत साठवणे आणि घरोघरी पोहोचवणे या साखळीवर काम करणाऱ्या माणसांची भरती, प्रशिक्षण, पाळ्यांची आखणी व त्यांच्यातील समन्वय यांचा विचार या विषयात होतो. पाण्याची चर्चा बहुधा धरणातील साठ्याभोवती फिरते. पण धरण भरलेले असूनही एखाद्या वस्तीत चार दिवस नळ कोरडा राहतो, तेव्हा त्याचे कारण अनेकदा साठ्यात नसून वितरणाच्या कामात आणि ते काम करणाऱ्यांच्या तुटवड्यात सापडते. ठाणे व नवी मुंबई ही शेजारची दोन शहरे या प्रश्नाची दोन वेगळी रूपे दाखवतात.

ठाणे महानगरपालिकेची स्थापना १९८२ सालची. शहराला दररोज सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळते आणि ते चार ठिकाणांहून येते. भातसा नदीवरील पिसे येथून पाणी उचलून टेमघर येथे शुद्ध करणाऱ्या महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून सुमारे २५०, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून सुमारे १३५, स्टेम कंपनीकडून सुमारे ११५ आणि मुंबई महानगरपालिकेकडून सुमारे ८५ दशलक्ष लिटर, अशी त्याची ढोबळ विभागणी आहे. स्टेम ही ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची सामायिक कंपनी असून ती उल्हास नदीचे पाणी पुरवते. दिवा, मुंब्रा आणि कळव्याचा काही भाग मुख्यतः औद्योगिक महामंडळाच्या पाण्यावर अवलंबून आहे. म्हणजे पाणी चार यंत्रणांचे, तक्रारींना उत्तर देणारा प्रभागातील कनिष्ठ अभियंता मात्र एकच. दाब कमी का झाला हे त्याला दुसऱ्या यंत्रणेच्या नियंत्रण कक्षाला विचारून घ्यावे लागते, आणि त्या कक्षातला माणूस त्याच्या हाताखालचा नसतो. ठाण्याच्या पाणी व्यवस्थापनातील ही सर्वांत मोठी अडचण म्हणावी लागेल.

नवी मुंबईची स्थिती याच्या उलट आहे. १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झालेल्या या महापालिकेने खालापूर तालुक्यातील मोरबे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेकडून विकत घेतले. स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या राज्यातील मोजक्या महापालिकांत तिची गणना होते. भोकरपाडा येथील ४५० दशलक्ष लिटर क्षमतेच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी थेट शहराच्या उत्तर टोकाच्या दिघ्यापर्यंत येते. स्रोतापासून नळापर्यंतचा बराचसा कारभार एकाच छताखाली असल्याने निर्णय लवकर होतात. मात्र मालकीसोबत जबाबदारीही येते: धरणाची देखभाल, शुद्धीकरण, लांब पल्ल्याची मुख्य जलवाहिनी आणि वितरण या प्रत्येक कामासाठी वेगळ्या कौशल्याची माणसे कायम हाताशी ठेवावी लागतात.

वितरणाचा खरा आधार म्हणजे व्हॉल्व्हमन. मुंबई परिसरात त्याला चावीवाला असेही म्हणतात. पहाटे ठरलेल्या वेळी तो रस्त्यातील चेंबरचे झाकण उचलतो, लांब दांड्याची लोखंडी चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवतो आणि आटे मोजत फिरवू लागतो. कोणता व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, कोणता मुद्दाम अर्ध्यावर ठेवायचा, कोणता उलटा फिरतो, कोणत्या गल्लीच्या टोकाला पाणी चढायला किती मिनिटे लागतात, हे सर्व त्याच्या डोक्यात असते. रस्त्याच्या डांबरीकरणात चेंबर गाडले गेले, तर ते नेमके कोठे होते हे सांगणारा बहुधा तोच. जुन्या नकाशांत सर्व नोंदी सापडत नाहीत. म्हणून असा माणूस नियत वयोमानाने निवृत्त होतो, तेव्हा एक पद रिकामे होते एवढेच नव्हे, तर त्या भागातील वाहिन्यांची माहितीही त्याच्याबरोबर जाते. नवा माणूस त्याच्या हाताखाली सहा महिने तरी फिरला पाहिजे. पण आधीचा गेल्याशिवाय पद रिक्त होत नाही आणि रिक्त झाल्यावर ते लगेच भरले जात नाही, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही.

भरती अडण्याची कारणे प्रशासकीय आहेत. महापालिकेतील पदांची संख्या शासनमान्य आकृतिबंधाने, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याने, ठरते, आणि शहर वाढते त्या वेगाने आकृतिबंध बदलत नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत नवनवी संकुले उभी राहिली तरी त्यांच्यासाठी व्हॉल्व्हमनची पदे आपोआप वाढत नाहीत. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन नव्या भरतीला आणखी आवर घालते. पर्याय म्हणून फिटर, पंपचालक, व्हॉल्व्हमन, मजूर ही कामे ठेकेदारामार्फत करून घेतली जातात. ठेक्याची मुदत संपली की ठेकेदार बदलतो. कामावरची माणसे पुष्कळदा तीच राहतात, पण त्यांची सेवा कागदोपत्री नव्याने सुरू होते. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० मध्ये बारमाही स्वरूपाच्या कामांतील कंत्राटी पद्धत बंद करण्याची तरतूद होती, आणि पाणीपुरवठ्याइतके बारमाही काम दुसरे क्वचितच असेल. समान कामाला समान वेतन मिळावे ही कंत्राटी कामगारांची मागणी याच वस्तुस्थितीतून आली असून ती न्याय्य आहे. वीस वर्षे शहराला पाणी पाजणाऱ्या माणसाला निवृत्तिवेतनाची शाश्वती नसावी, हा खर्च वाचवण्याचा मार्ग होऊ शकत नाही.

शुद्धीकरण केंद्रावरचे काम वेगळ्या जातीचे आहे. केंद्र चोवीस तास चालते, त्यामुळे तीन पाळ्यांना पंपचालक, वीजतंत्री आणि रसायनतज्ज्ञ लागतात. पावसाळ्यात पाणी गढूळ होताच तुरटीची मात्रा तासातासाला बदलावी लागते. क्लोरीन वायूच्या गळतीचा धोका असतो, म्हणून मुखवटे व श्वसनसाधने केवळ कपाटात असून भागत नाही; ती वापरण्याचा सराव पाळीवरच्या प्रत्येकाला असावा लागतो. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे असे भारतीय मानक सांगते. त्यासाठी कर्मचारी वस्तीत जाऊन नमुना घेतो, त्यात द्रावणाचे थेंब टाकतो आणि उमटलेला पिवळा रंग तक्त्याशी ताडून पाहतो. काम साधे दिसते, पण ते रोज आणि प्रामाणिकपणे झाले तरच साथीचे रोग दूर राहतात.

अलीकडे स्काडासारखी दूरनियंत्रण प्रणाली आणि स्वयंचलित जलमापके आली आहेत. त्यांनी जलकुंभाची पातळी व प्रवाह कळतो आणि हिशेबाबाहेर जाणारे पाणी शोधणे सोपे होते. अशा बिनमहसुली पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आणावे, असा केंद्र शासनाचा सेवास्तर निकष आहे. तथापि पडद्यावर दाब कमी दिसला तरी गळती शोधायला रात्री कान लावून वाहिनीवरून चालणारा माणूसच लागतो, आणि संवेदक बिघडला तर तो दुरुस्त करणारा तंत्रज्ञ वेगळा लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील पंपचालक व नळकारागीर यांचे अभ्यासक्रम, तसेच महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिक येथील मित्रा ही प्रशिक्षण संस्था यांचा येथे उपयोग होतो. पण रोजच्या पाळीतून सोडता येईल इतका राखीव कर्मचारीवर्ग नसल्याने प्रशिक्षणाला पाठवणे लांबणीवर पडते.

या सर्व उणिवा एकत्र दिसतात त्या शटडाऊननंतर. दुरुस्तीसाठी चोवीस तास पुरवठा बंद ठेवला की रिकाम्या वाहिन्यांत हवा साचते. पाणी पुन्हा सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडून हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. घाई झाली तर दाबाच्या धक्क्याने जुनी वाहिनी फुटते आणि दुरुस्ती पहिल्यापासून करावी लागते. त्या रात्री प्रत्येक चेंबरपाशी जाणकार माणूस उभा असेल, तर उंचावरच्या व टोकाच्या वस्त्यांना दुसऱ्या दिवशी पाणी मिळते. माणसे कमी पडली, तर एकालाच पाच-सहा चेंबर सांभाळावी लागतात आणि टोकाच्या नळाला पाणी यायला आणखी दोन दिवस जातात.