माशांच्या टाकीत शेवाळ आलंय? औषधाची बाटली घ्यायच्या आधी हे वाचा

अनंत चतुर्दशी झाली की पुढच्या आठवड्यात आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानात एकच फोटो दहा-बारा मोबाईलवर बघायला मिळतो, हिरवीगार काच आणि तिच्यामागे कुठेतरी मासे. कारण ठरलेलं असतं. गणपतीत घरभर पाहुणे, मखराशेजारीच टाकी, म्हणून तिचा लाईट सकाळच्या आरतीपासून रात्री पत्ते आटपेपर्यंत चालू, त्यात येणारं प्रत्येक पोरगं कौतुकाने चिमूटभर दाणे टाकून जातं. मग विसर्जनानंतर दुकानात, "शेवाळ मारायचं औषध द्या हो."

औषध आहे आमच्याकडे, विकतो पण. पण पहिल्या फेरीत देत नाही. लाईट आणि खत झाडांनी जेवढं खाल्लं त्याच्यावर जे उरतं ते शेवाळ खातं, एवढा साधा मामला आहे, त्यामुळे बाटलीने ते मेलं तरी उरलेलं अन्न टाकीतच राहतं आणि पंधरा दिवसांत परत तेच. शिवाय बऱ्याच औषधांत तांबं असतं, ते कोळंबी आणि गोगलगायींना सोसत नाही.

तर आधी लाईट. प्लांटेड, म्हणजे खरी झाडं लावलेल्या टाकीला दिवसाला ६ ते ८ तास पुरे. नवीन टाकी असेल तर ६च ठेवा. साधा प्लगचा टायमर घ्या आणि दुपारी ४ ते रात्री १० लावून विसरून जा, ऑफिसवरून लोकलने लटकत घरी आलात की टाकी उजेडात दिसेल आणि सकाळी घाईत लाईट चालू राहून जाण्याचा प्रश्नच नाही. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट काचेवर पडत असेल तर टायमर लावूनही फायदा नाही, टाकी हलवा नाहीतर पडदा लावा.

दुसरं, झाडं कमी पडतात. अर्ध्या टाकीत नुसती वाळू, मध्ये एक लाकूड आणि त्याला बांधलेला एकुलता एक अनुबियास, आणि वर जोरदार एलईडी, मग शेवाळ येणार नाही तर काय होणार. सुरुवातीला भराभर वाढणारी झाडं गच्च लावा, हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट. महागडी नाहीत, आम्हालाही त्यात फार सुटत नाही, पण काम तीच करतात. छाटलेलं मात्र मासुंदा, उपवन अशा तलावांत किंवा नाल्यात टाकू नका प्लीज, जलपर्णीने आधीच काय हाल केलेत ते बघतो आपण. उन्हात वाळवा आणि कुंडीत टाका.

आता कुठलं शेवाळ ते बघा, कारण सगळ्यांना एकच उपाय नाही. नवीन टाकीत काचेवर तपकिरी पावडरसारखं बसलंय, बोट फिरवलं की निघतंय, तर पुसा आणि काही आठवडे धीर धरा, ते आपोआप जातं. काचेवर घट्ट हिरवे ठिपके असतील तर जुनं एटीएम कार्ड किंवा ब्लेड (अॅक्रिलिकच्या टाकीला ब्लेड लावू नका, ओरखडे कायमचे). लांब हिरवे धागे टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून काढा. पाणीच हिरवं झालं असेल तर नुसतं पाणी बदलून उपयोग नाही, टाकीवर जाड चादर टाका, ३-४ दिवस पूर्ण अंधार, दाणे बंद, एअर पंप चालू, आणि मग अर्धं पाणी बदला. निळसर हिरवी बुळबुळीत साय, उचलली की अख्खी चादर हातात येते आणि वास मारतो, ते शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहे. ते आधी पाइपने ओढून काढा, मग तसाच अंधार करा, आणि त्या कोपऱ्यात फिल्टरचा प्रवाह पोचतोय का बघा.

सगळ्यात चिवट म्हणजे पानाच्या कडेला काळ्या दाढीसारखं वाढतं ते. घासून जात नाही, नखानेही नाही. याला हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये मिळतं. पण बाटलीवरचे टक्के वाचा, आपल्याकडे बऱ्याचदा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच साधं पाणी घातलं की ३ टक्के होतं. हे ३ टक्क्यांचं १० लिटर पाण्यामागे ३ मिलीपेक्षा जास्त नको. फिल्टर बंद करा, सुई काढलेल्या सिरिंजने थेट त्या दाढीवर हळूहळू सोडा, लगेच बारीक बुडबुडे सुटायला लागतात, १० मिनिटांनी फिल्टर चालू. दोन-तीन दिवसांत काळं गुलाबी पडतं, घाबरू नका, दिसायला काळं असलं तरी ते मुळात लाल शेवाळाच्या जातीतलं आहे आणि मरताना खरा रंग दाखवतं. कोळंबी, मॉस आणि व्हॅलिसनेरिया असेल तर जपून. आणि हे परत परत येत असेल तर सीओटू, म्हणजे झाडांसाठी टाकीत सोडता तो कार्बन डायऑक्साइड बघा. साखर-यीस्टच्या बाटलीतून पहिले काही दिवस धो धो गॅस आणि नंतर टिपूस, या वरखालीवरच दाढी पोसते. सिलिंडर असेल तर लाईटच्या तासभर आधी चालू होऊदे.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, अँटीक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून. घोडबंदरच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात, बोअरचं पाणी जड असतं, तेव्हा एकदम जास्त बदलू नका, थोडं थोडं दोनदा करा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर चांगले बॅक्टेरिया मरतात, अमोनिया वाढतो आणि शेवाळाचं फावतं.

"तो काच चाटणारा सकर मासा द्या", हे रोज ऐकतो. प्लांटेड टाकीसाठी आम्ही देत नाही. लहान असतो तोवर गोड, मग फूटभर होतो, झाडं उपटतो, आणि जेवढं शेवाळ खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. त्यापेक्षा नेराइट गोगलगाय घ्या, किंवा अमानो कोळंबी, जपानच्या ताकाशी अमानोंनी टाकीतल्या शेवाळासाठी ती वापरात आणली म्हणून तिला त्यांचं नाव. तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, म्हणजे टाकीत गर्दी होण्याची भीती नाही.

एवढं करून महिन्याभरात फरक नाही पडला तर दुकानात या, पण फोटो नको, फोटोत काळं आणि गडद हिरवं सारखंच दिसतं. शेवाळ लागलेलं एक पान टाकीच्याच पाण्यासकट छोट्या डबीत आणा, लाईट किती तास आणि टाकी कधी लावली एवढं सांगा. एक काका तर अख्खं लाकूडच ओल्या टॉवेलात गुंडाळून टीएमटीच्या बसने घेऊन आले होते, तेही चालेल.