सातशे तासांवरून चोवीस तासांवर: शिक्षकांच्या हाती पिस्तूल देणाऱ्या अमेरिकी कायद्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की आठवड्याभरात दोन मागण्या पुढे येतात. एक, बंदुका आवरा. दुसरी, शिक्षकांनाच बंदुका द्या. दुसरी मागणी बातम्यांत अशी येते, जणू ती एखाद्या नेत्याला कालच सुचली. तिच्यामागे तीन दशकांचे कायदे, खटले आणि तडजोडी आहेत. राज्यांच्या विधिमंडळांत खरी झटापट झाली ती बारीक कलमांवर: प्रशिक्षण किती तासांचे, पिस्तूल कमरेला की तिजोरीत, विमा कोण उतरवणार, पालकांना सांगायचे की लपवायचे. ही कलमे वाचल्याशिवाय वाद समजत नाही.

सुरुवात बंदीपासून झाली. १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने शाळेच्या आवारात आणि आवारापासून एक हजार फुटांच्या परिघात बंदूक बाळगणे हा केंद्रीय गुन्हा ठरवला. १९९२ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत बारावीचा एक विद्यार्थी पिस्तूल घेऊन शाळेत आला आणि त्याच्यावर याच कायद्याखाली खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९९५ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदाच रद्द केला. काँग्रेसला आंतरराज्य व्यापाराचे नियमन करता येते, पण शाळेत बंदूक बाळगण्याचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून काँग्रेसला तसा अधिकार नाही, असे त्यामागचे कारण होते. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध लोपेझ' हा तो निकाल. पुढच्याच वर्षी काँग्रेसने व्यापाराशी संबंध जोडणारी शब्दरचना घालून तीच बंदी पुन्हा आणली आणि ती आजही लागू आहे.

या बंदीला मुळापासून दोन मोठी भोके होती. राज्याने पडताळणी करून दिलेला परवाना जवळ असेल तर केंद्रीय बंदी लागत नाही, आणि शाळेशी करार करून बंदूक बाळगणाऱ्यालाही ती लागत नाही. आपल्याकडे शस्त्र परवाना १९५९ च्या केंद्रीय कायद्याखाली मिळतो. अमेरिकेत लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने राज्ये देतात आणि त्यांच्या अटी राज्यागणिक वेगळ्या असतात. त्यामुळे शाळेत कोणाच्या कमरेला पिस्तूल असू शकते, हा प्रश्न राज्यांच्या विधिमंडळांकडे गेला. युटासारख्या राज्यात परवानाधारक शिक्षक फार पूर्वीपासून वर्गात पिस्तूल आणू शकत होता, तेही मुख्याध्यापकांना न सांगता. अलीकडे अनेक राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली आहे. त्यातून एक विचित्र पेच निर्माण झाला. राज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागत नाही, पण तो नसेल तर केंद्रीय बंदीतून सूट मिळत नाही. त्यामुळे अशा राज्यांतल्या शाळांना लेखी करार नीट करावा लागतो.

टेक्सासच्या दंडसंहितेत शाळेत शस्त्र आणायला बंदी होती, पण 'संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय' असे शब्द तिच्यात होते. हॅरल्ड नावाच्या छोट्या गावाने ते हेरले. शेरीफचे, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाचे, कार्यालय सुमारे अठरा मैलांवर, आणि शाळेत जेमतेम शंभरेक मुले. २००७ मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने 'गार्डियन प्लॅन' मंजूर केला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. कर्मचाऱ्याकडे राज्याचा परवाना हवा, बोर्डाने त्याला नावानिशी मान्यता द्यायला हवी, आणीबाणीचे प्रशिक्षण हवे आणि काडतुसे अशी हवीत की गोळी भिंतीवर आदळून उलटी फिरणार नाही, अशा अटी होत्या. शेवटची अट साधी वाटते, पण तिला कारण आहे. शाळेच्या बोळात फरशी आणि काँक्रीट असते. नेहमीची गोळी आदळली की दिशा बदलून पुढे जाते. ठिसूळ धातूची गोळी कठीण पृष्ठभागावर आदळली की तिचा भुगा होतो. मदत दूर आहे, हा हॅरल्डचा युक्तिवाद होता आणि ग्रामीण भागासाठी तो खोटा नव्हता. पुढे जिथे पोलीस ठाणे चार मिनिटांवर आहे तिथेही तोच वापरला गेला.

१३ डिसेंबर २०१२ रोजी मिशिगनच्या विधिमंडळाने जादा प्रशिक्षण घेतलेल्या परवानाधारकांना शाळेत पिस्तूल नेऊ देणारे विधेयक मंजूर केले. दुसऱ्या दिवशी कनेटिकटच्या सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा कर्मचारी मारले गेले. १८ तारखेला गव्हर्नर रिक स्नायडर यांनी ते विधेयक नाकारले. मात्र २१ तारखेला नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकसमर्थकांच्या संघटनेने प्रत्येक शाळेत सशस्त्र पहारा हवा, अशी जाहीर मागणी केली आणि पुढच्या काही महिन्यांत विधेयकांचा पूर आला. असोसिएशनने माजी खासदार एसा हचिन्सन यांच्या नेतृत्वाखाली एक गट नेमला. एप्रिल २०१३ च्या अहवालात त्या गटाने सशस्त्र कर्मचाऱ्यांसाठी ४० ते ६० तासांचे प्रशिक्षण सुचवले. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण नंतरच्या काही कायद्यांनी बंदूकसमर्थकांच्या स्वतःच्या शिफारशीइतकेही तास ठेवले नाहीत.

साउथ डकोटाने मार्च २०१३ मध्ये 'स्कूल सेंटिनल' कायदा केला: ८० तासांचे प्रशिक्षण, स्कूल बोर्डाचा ठराव आणि स्थानिक पोलीस यंत्रणेची संमती. टेक्सासने त्याच वर्षी 'स्कूल मार्शल' हे पद निर्माण केले. त्यालाही ८० तास, शिवाय मानसिक चाचणी, आणि ४०० विद्यार्थ्यांमागे एकच मार्शल. विद्यार्थ्यांच्या नित्य संपर्कात असलेल्या मार्शलने पिस्तूल अंगावर न ठेवता हाताच्या अंतरावरील कुलूपबंद तिजोरीत ठेवावे, अशी मूळ अट होती. यातल्या काही अटींना पुढे गळती लागली, आणि विद्यार्थिसंख्येनुसार मार्शल ठेवण्याची मर्यादा २०१९ मध्ये गेली. हॅरल्डची जुनी पळवाटही कायम होती. गार्डियन पद्धतीत राज्याने ठरवलेले किमान तासच नव्हते, म्हणून कर्मचाऱ्यांना शस्त्र देणाऱ्या टेक्सासमधल्या बहुतेक शाळांनी मार्शलऐवजी तीच निवडली. ज्या कायद्यात कडक दरवाजाशेजारी सैल दरवाजा उघडा ठेवला आहे, तिथे लोक कुठून शिरतील हे सांगायला नको.

कॅन्ससमध्ये अडथळा वेगळ्याच बाजूने आला. २०१३ मध्ये तिथे कर्मचाऱ्यांना पिस्तूल बाळगू देणारा कायदा झाला. पण राज्यातल्या बहुतांश शाळांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने कळवले की अशा शाळांची पॉलिसी नूतनीकरण होणार नाही. कायदा मंजूर, वापर जवळजवळ शून्य. विमा कंपनीला बंदुकीच्या बाजूचे किंवा विरुद्धचे राजकारण करायचे नव्हते. चुकून सुटलेल्या गोळीचा दावा किती मोठा असेल, एवढेच तिने मोजले. अर्कान्सासमधल्या क्लार्क्सव्हिल शाळेने कर्मचाऱ्यांना पिस्तूल बाळगता यावे म्हणून खासगी सुरक्षारक्षकाचा परवाना मिळवून दिला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने शाळेला तसे करता येत नाही असे मत दिले आणि योजना काही काळ थांबली.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले. तीन आठवडे उलटताच, ९ मार्चला, गव्हर्नर रिक स्कॉट यांनी मोठा कायदा मंजूर केला. त्यात बंदूकखरेदीचे वय २१ झाले, धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची तरतूद आली आणि 'गार्डियन' योजनाही आली. सेनेटमध्ये मते पडली २० विरुद्ध १८. स्वतः स्कॉट शिक्षकांना शस्त्र देण्याच्या विरोधात होते, म्हणून केवळ वर्गात शिकवणाऱ्यांना वगळण्याची तडजोड झाली. ग्रंथपाल, प्रशिक्षक, कार्यालयीन कर्मचारी चालतील, गणिताच्या बाई नाही.

फ्लोरिडाचा २०१८ चा मूळ अभ्यासक्रम फार तपशिलात लिहिलेला होता. पिस्तूल हाताळणी ८० तास, अचूक नेमबाजी १६, सिम्युलेटरवर गोळी झाडावी की नाही याचा निर्णय ८, हल्लेखोराच्या प्रसंगाचा सराव ८, स्वसंरक्षण ८, कायदेशीर बाबी १२, असे एकूण १३२. त्यावर वेगवेगळ्या समाजगटांतील विद्यार्थ्यांशी वागण्याचे १२ तास वेगळे होते. नेमबाजीत ८५ टक्के गुण मिळवावे लागतात, मानसिक आणि अमली पदार्थांची चाचणी होते, आणि मानधन एकदाच, ५०० डॉलर. या शेवटच्या आकड्यात योजनेचे अर्थकारण आहे. त्याच कायद्याने प्रत्येक शाळेत सशस्त्र व्यक्ती सक्तीची केली होती. पूर्ण पगाराचा पोलीस अधिकारी ठेवायचा की ५०० डॉलरचा गार्डियन, हा हिशेब शाळाजिल्ह्यांना (एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) करावाच लागला. पिनेलासचे शेरीफ बॉब गुआल्टिएरी यांच्या चौकशी आयोगाने पुढे १३ विरुद्ध १ मताने शिक्षकांनाही सामील करण्याची शिफारस केली आणि मे २०१९ मध्ये वर्गशिक्षकांवरची बंदी उठली. शाळाजिल्ह्याने ठराव केल्याशिवाय योजना लागू होत नाही, हे मात्र कायम राहिले. पार्कलंडमध्ये त्या दिवशी एक प्रशिक्षित सशस्त्र डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा पोलीस) हजर होता आणि तो इमारतीबाहेरच थांबला, ही गोष्ट दोन्ही बाजू आपापल्या बाजूने मांडतात.

ओहायोची कथा तासांचीच. मॅडिसन लोकल या शाळाजिल्ह्यात २०१६ मध्ये गोळीबार होऊन विद्यार्थी जखमी झाले. २०१८ मध्ये बोर्डाने कर्मचाऱ्यांना २६ तासांच्या प्रशिक्षणावर पिस्तूल बाळगायची परवानगी दिली. पालक न्यायालयात गेले. शाळेत नेमलेल्या सशस्त्र व्यक्तीने पोलिसाचे मूलभूत प्रशिक्षण घेतलेले असावे किंवा तिला पोलीस सेवेचा वीस वर्षांचा अनुभव असावा, असे राज्याच्या कायद्यातच होते. ते प्रशिक्षण सातशेहून अधिक तासांचे. जून २०२१ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी पालकांची बाजू मान्य केली. त्यावर विधिमंडळाने कायदाच बदलला. जून २०२२ मध्ये गव्हर्नर माइक डेवाइन यांनी सही केलेल्या विधेयकाने राज्याची सक्ती जास्तीत जास्त २४ तासांवर आणली, त्यानंतर दरवर्षी ८ तास. बोर्डाला वाटल्यास ते जास्त तास लावू शकते, आणि सशस्त्र कर्मचारी असल्याचे पालकांना कळवावे लागते. न्यायालयाने सातशे म्हटले म्हणून विधिमंडळाने चोवीस लिहिले, आणि मधला आकडा कोणत्या अभ्यासावर आधारून नाकारला ते कायद्यात कुठेच नाही. आम्हाला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत कमकुवत दुवा वाटतो.

तासांचा आग्रह कशासाठी, हे न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदींवरून कळते. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना तिथल्या अधिकाऱ्यांच्या सुमारे १८ टक्केच गोळ्या लक्ष्यावर लागल्या, असे रँड या संशोधन संस्थेच्या पाहणीत आढळले. हे पूर्णवेळ प्रशिक्षित पोलीस. उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच, आणि शाळेत 'कुठेतरी' म्हणजे मुलांनी भरलेला बोळ. दुसरी अडचण ओळखीची: आत शिरलेल्या पोलिसांना साध्या कपड्यातला, हातात पिस्तूल असलेला माणूस हल्लेखोरच दिसतो. शाळांत नेमलेल्या पोलिसांच्या राष्ट्रीय संघटनेने शिक्षकांना शस्त्र देण्यास विरोध केला, त्यात हे एक कारण होते.

तिसरी अडचण रोजची. हल्ला काही मिनिटांचा असतो, शालेय वर्ष साधारण १८० दिवसांचे, आणि त्या प्रत्येक दिवशी पिस्तूल स्वच्छतागृहात, व्यायामशाळेत, टेबलाच्या खणात कुठेतरी असते. २०१४ मध्ये युटातल्या एका शिक्षिकेचे पिस्तूल शाळेच्या स्वच्छतागृहात चुकून सुटून ती जखमी झाली. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात राखीव पोलीस असलेल्या एका शिक्षकाने बंदूक-सुरक्षा शिकवतानाच छतात गोळी झाडली आणि विद्यार्थ्यांना तुकडे लागले. असाच प्रयोग पाकिस्तानातही झाला आहे. डिसेंबर २०१४ च्या पेशावर हत्याकांडानंतर खैबर पख्तुनख्वाने शिक्षकांना शस्त्राची मुभा दिली, आणि पुढच्याच वर्षी स्वात खोऱ्यात शिक्षकाच्या हातून सुटलेल्या गोळीने एका विद्यार्थ्याचा जीव गेला.

केंद्राने पैशाची दारे मात्र बंद ठेवली आहेत. मार्च २०१८ च्या शाळासुरक्षा कायद्यातल्या निधीतून बंदुका किंवा बंदूक-प्रशिक्षण घेता येत नाही. जून २०२२ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणनिधीलाही तीच बंदी लावली. पण कलम इतके सैल लिहिले गेले की शाळांचे तिरंदाजी आणि शिकार-सुरक्षेचे वर्गही अडकले. ते सोडवायला काँग्रेसला २०२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. प्रतिनिधीगृहात तो ४२४ विरुद्ध १ मताने संमत झाला. या विषयात इतके एकमत दुसऱ्या कशावर झालेले नाही.

मे २०२२ मध्ये टेक्सासच्या उवाल्डीत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा ३७६ अधिकारी जमले होते आणि हल्लेखोराला मारायला ७७ मिनिटे गेली. पोलीस आले तरी भरवसा नाही, हा युक्तिवाद यानंतर बळावला. २०२३ मध्ये टेक्सासने प्रत्येक शाळेत सशस्त्र अधिकारी सक्तीचा केला, पण निधी दिला शाळेमागे १५,००० आणि विद्यार्थ्यामागे १० डॉलर. एवढ्यात अधिकारी येत नाही. माणूस किंवा पैसा नाही म्हणून सूट मागा आणि आपलाच प्रशिक्षित कर्मचारी उभा करा, ही वाट कायद्यातच ठेवली आहे.

शिक्षकांचे काय म्हणणे आहे? रँडने २०२२ च्या अखेरीस केलेल्या सर्वेक्षणात ५४ टक्के शिक्षकांना वाटले की शिक्षकांकडे बंदूक असल्याने शाळा कमी सुरक्षित होईल. २० टक्के उलट म्हणाले. संधी मिळाल्यास आपण बंदूक बाळगू, असे १९ टक्क्यांनी सांगितले.

टेनेसीचा कायदा एप्रिल २०२४ चा. आदल्या वर्षी नॅशव्हिलमधल्या एका शाळेत तीन मुले आणि तीन प्रौढ मारले गेले होते. प्रेक्षागारात पालक घोषणा देत असताना प्रतिनिधीगृहाने तो ६८ विरुद्ध २८ मतांनी मंजूर केला. दरवर्षी ४० तासांचे प्रशिक्षण, मानसिक चाचणी, बोटांचे ठसे, आणि शाळाजिल्ह्याचे संचालक, मुख्याध्यापक व स्थानिक पोलीसप्रमुख या तिघांची लेखी संमती लागते. कार्यक्रम चालू असलेल्या सभागृहात किंवा व्यायामशाळेत आणि शिस्तभंगाच्या बैठकीत पिस्तूल नेता येत नाही. कोणत्या शिक्षकाकडे ते आहे, हे पालकांना सांगितले जात नाही. नॅशव्हिल आणि मेम्फिससारख्या मोठ्या जिल्ह्यांनी आपण ही मुभा वापरणार नाही, असे लगेच जाहीर केले. शिक्षकाने पिस्तूल वापरले किंवा वापरायला हवे तेव्हा वापरले नाही, तर नुकसानभरपाईच्या दाव्यातून शाळाजिल्हा आणि पोलीस यंत्रणा या दोघांना याच कायद्याने मुक्त केले आहे. तसे संरक्षण शिक्षकाला दिलेले नाही.